पोटातले जंत आणि आपली इम्युनिटी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळेत-अंगणवाडीत जंताच्या गोळ्या वाटायचा दिवस जवळ आला की पालकांचे मेसेज सुरू होतात. गोळी द्यायची का, इम्युनिटी चांगली असेल तर गोळी कशाला, रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेत म्हणजे जंत झालेत का, असं बरंच काही. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात आणि दरवेळी फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, इथे विषय आहे तो जंत आत आल्यावर शरीर काय करतं हा. आणि त्यातली एक गोष्ट लक्षात आली की बाकीचं आपोआप जुळत जातं: शरीर मोठ्या जंताला मारायच्या फार मागे लागत नाही, ते त्याला बाहेर ढकलायला बघतं, आणि तेही जमलं नाही तर त्याच्यासोबत निभावून न्यायला शिकतं.

जंत जंत म्हणतो ते नेमके कोणते?

आपल्याकडे मुख्य तीन. गोल जंत म्हणजे अ‍ॅस्केरिस, गांडुळासारखा दिसतो, मादी २० ते ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि दिवसाला साधारण दोन लाख अंडी घालते. दुसरा हुकवर्म किंवा अंकुशकृमी, जेमतेम एक सेंटिमीटरचा, आतड्याला चावून रक्त पितो. तिसरा व्हिपवर्म म्हणजे चाबकासारखा, याचं बारीक टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात घुसलेलं असतं. हे तिघे मातीतून पसरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात जवळपास १५० कोटी लोकांना यातला एखादा तरी असतो. रात्री मुलांना शी-च्या जागी खाज आणणारे ते बारीक सुतासारखे पांढरे किडे वेगळे, ते पिनवर्म. टेपवर्म आणखी वेगळा, त्याच्याबद्दल इथे फार लिहीत नाही.

पांढऱ्या पेशी बॅक्टेरियाला गिळतात तशा जंताला का गिळत नाहीत?

साइजच जमत नाही हो. पांढरी पेशी म्हणजे मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी आणि समोर फूटभर लांबीचा जंत, वर त्याची कातडी जाड आणि चिवट. व्हायरसचं वेगळं असतं, तो पेशीच्या आत शिरतो, मग शरीर ती पेशीच मारून टाकतं. जंत पेशीबाहेर असतो, बहुतेक वेळा आतड्याच्या पोकळीत, म्हणजे तसं बघितलं तर शरीराच्या बाहेरच्या बाजूलाच. त्यामुळे त्याच्यासाठी शरीराकडे पूर्ण वेगळी पद्धत आहे, तिला टाइप २ रिस्पॉन्स म्हणतात. १९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन या दोघांनी दाखवलं की मदतनीस टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) उंदरांमध्ये दोन तऱ्हेच्या असतात, एक टाइप बॅक्टेरिया-व्हायरसकडे बघतो आणि दुसरा वेगळीच रसायनं सोडतो, आयएल-४, आयएल-५ वगैरे. हा दुसरा टाइप म्हणजे जंतांवरचा मुख्य बंदोबस्त हे पुढच्या वर्षांत हळूहळू स्पष्ट होत गेलं.

मुळात जंत आलाय हे शरीराला कळतं कसं?

मला या सगळ्या विषयात हा भाग सगळ्यात आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. आतड्याच्या अस्तरात टफ्ट सेल नावाच्या पेशी असतात, संख्येने अगदी थोड्या, वरच्या टोकाला केसांच्या झुपक्यासारखा भाग. मायक्रोस्कोपखाली त्या कित्येक दशकं दिसत होत्या, पण आतड्यात त्या करतात काय ते कुणाला सांगता येत नव्हतं. २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या टीम्सनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की जंत आल्याची पहिली खबर देणाऱ्या पेशी ह्याच. आपल्या जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये जी यंत्रणा असते त्यातली बरीचशी या टफ्ट पेशींमध्येही आहे, म्हणजे आतड्यातल्या घडामोडी त्या जवळपास चाखूनच बघतात.

जंताचा सुगावा लागला की टफ्ट पेशी आयएल-२५ नावाचं रसायन सोडतात. शिवाय जंताने अस्तराला जिथे जखम केली असेल तिथल्या पेशी आयएल-३३ सोडतात, ती धोक्याची सूचना. ही दोन्ही पोचतात आयएलसी-२ नावाच्या पेशींकडे, ह्या पेशी २०१० च्या सुमाराला पहिल्यांदा ओळखल्या गेल्या, त्याआधी इम्युनॉलॉजीच्या पुस्तकांत त्यांचं नावसुद्धा नव्हतं. या पेशी आयएल-१३ सोडतात, आणि आयएल-१३ अस्तराच्या तळाशी असलेल्या स्टेम सेल्सना सांगतं की आता टफ्ट पेशी आणि चिकट स्राव करणाऱ्या गॉब्लेट पेशी जास्त बनवा. टफ्ट वाढल्या की आयएल-२५ वाढतं, त्याने आयएल-१३ वाढतं, त्याने परत टफ्ट वाढतात, असं चक्र फिरायला लागतं आणि काही दिवसांत आतड्याच्या अस्तराची रचनाच बदलते. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत हे लक्षात ठेवा. पण टफ्ट, गॉब्लेट आणि आयएलसी-२ ह्या तिन्ही पेशी माणसातही आहेत.

मग बाहेर ढकलायचं म्हणजे शरीर नेमकं काय करतं?

तीन-चार गोष्टी एकदम. पहिली म्हणजे म्युकस, तो बुळबुळीत स्राव, खूप वाढतो आणि त्याचा प्रकारही बदलतो. एरवी आतड्यात नसणारं एक म्युसिन, म्हणजे म्युकसमधलं प्रोटीन, बनायला लागतं, आणि हे म्युसिनच काढून टाकलं तर उंदरांना व्हिपवर्म बाहेर काढणं अवघड जातं असं दिसलंय. दुसरं, आतड्याच्या भिंतीतून पाणी पाझरतं. तिसरं, आतड्याचे स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतात, आयएल-४ आणि आयएल-१३ मुळे. म्हणून जंत झाल्यावर पोटात कळा, पातळ शी, शी-सोबत चिकट पदार्थ, हे प्रकार होतात, त्यातलं काही जंतांमुळे असतं तसं काही शरीराच्या या धडपडीमुळेही असतं.

चौथी गोष्ट मला फार भारी वाटते. आतड्याचं अस्तर तसंही तीन ते पाच दिवसांत नवं होत असतं, खाली पेशी तयार होतात आणि वर सरकत सरकत गळून पडतात. २००५ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी दाखवलं की व्हिपवर्म झाला की हा वेग वाढतो, आणि अस्तरात टोक रुतवून बसलेला जंत ज्या पेशींना धरून आहे त्या पेशीच त्याला घेऊन वर सरकतात, एखाद्या मॉलमधल्या सरकत्या जिन्यासारख्या, आणि शेवटी त्याची पकड सुटते. त्याला मारायची गरजच पडत नाही.

सीबीसी रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेत, म्हणजे जंत आहेतच ना?

नाही, असं धरून चालू नका. इओसिनोफिल नॉर्मली रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५०० पेक्षा कमी असतात. वाढले तर कारणं बरीच, अ‍ॅलर्जी, दमा, काही औषधं, हत्तीरोगाचे कृमी, आणि त्यात पोटातले जंतही आले. उलट बाजूनेही बघा, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून जंत नाहीत असंही नाही. पिनवर्म किंवा आतड्यात शांत बसलेला मोठा अ‍ॅस्केरिस असला तरी इओसिनोफिल फारसे वाढलेले नसतात. ते खूप वाढतात ते जंताच्या अळ्या शरीरातून, म्हणजे रक्त-लिव्हर-फुफ्फुस असा प्रवास करत असतात तेव्हा. त्यामुळे खात्री करायची तर शी तपासायची, आणि एका नमुन्यात काही सापडलं नाही तर डॉक्टर परत द्यायला सांगतात, तेव्हा कंटाळा करू नका.

इओसिनोफिल हे नाव इओसिन नावाच्या गुलाबी-लाल रंगावरून पडलं, पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये या पेशी त्या रंगाने रंगवून ओळखल्या. यांच्या पोटात विषारी प्रोटीनचे दाणे असतात, अँटिबॉडी चिकटलेल्या अळीला ह्या पेशी चहूबाजूंनी लगडतात आणि ते दाणे तिच्या अंगावर ओततात. म्हणजे अळ्यांसाठी ह्या कामाच्या. पण आतड्यातला मोठा जंत घालवण्यात त्यांचा वाटा आपण समजतो तेवढा दिसत नाही, इओसिनोफिल नसलेल्या उंदरांनीही बरेच जंत वेळेत बाहेर काढलेत, आणि ट्रिकिनेला नावाच्या जंताच्या बाबतीत तर इओसिनोफिल असले की स्नायूंत बसलेल्या अळ्या जास्त टिकतात असं दिसलं. त्यामुळे रिपोर्टमधला तो आकडा बघून "शरीर किती जोरात लढतंय" असा अर्थ काढू नका.

जंत फुफ्फुसात जातात हे खरं आहे? मग खोकला जंतांमुळे असू शकतो?

हो, खरं आहे. अ‍ॅस्केरिसची अंडी तोंडावाटे पोटात गेली की अळ्या लहान आतड्यात बाहेर पडतात, भिंत भेदून रक्तात शिरतात, लिव्हरमधून फुफ्फुसात पोचतात, तिथे साधारण १० ते १४ दिवस वाढतात, मग श्वासनलिकेतून वर चढून घशात येतात आणि गिळल्या जाऊन परत आतड्यात. अंडी गिळल्यापासून मादी स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. जपानमधल्या कोइनो नावाच्या डॉक्टरने १९२२ मध्ये हे पक्कं करायला स्वतः २,००० अंडी गिळली, तो आजारी पडला आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. कृपा करून असलं काही कुणी करू नका, पण माणसातला हा प्रवास समजला त्यात या प्रयोगाचा वाटा मोठा आहे.

फुफ्फुसात या अळ्यांभोवती इओसिनोफिल गोळा होतात, कोरडा खोकला, कधी दम्यासारखी शिट्टी वाजते, ताप, आणि एक्स-रेवर डाग दिसतात जे काही दिवसांत आपोआप जातात. स्वित्झर्लंडच्या लोफलर यांनी १९३२ मध्ये हे वर्णन केलं म्हणून लोफलर सिंड्रोम म्हणतात. एक गंमतीची पण महत्त्वाची गोष्ट, या काळात शी तपासली तर अंडी सापडत नाहीत कारण जंत अजून मोठाच झालेला नसतो. अर्थात आपल्याकडे खोकल्याची बाकीची कारणं कितीतरी जास्त, टीबीसुद्धा, त्यामुळे खोकला लांबला तर जंतांचं औषध देऊन वाट बघत बसू नका, आधी दाखवा.

हुकवर्मचं वेगळं काय?

तो बहुतेक वेळा तोंडातून नाही, पायातून येतो. ओल्या मातीतल्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसतात. कैरोमध्ये लूस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर हुकवर्मच्या अळ्यांचं पाणी सांडलं, हात लाल होऊन खाजला, आणि नंतर त्याला स्वतःच्याच शी-मध्ये हुकवर्मची अंडी सापडली, तेव्हा हा रस्ता कळला. ती खाज म्हणजे कातडीतल्या मास्ट पेशी (खाज आणणारी रसायनं सोडणाऱ्या) आणि इओसिनोफिलचं काम, आणि वारंवार अळ्या शिरत असतील तर खाज जास्त येते. पण एकदा आतड्यात जाऊन चिकटला की त्याच्याविरुद्ध शरीराचं फारसं चालत नाही. हुकवर्मच्या दोन जाती, त्यातल्या नेकेटर जातीचा एक जंत दिवसाला ०.०३ मिलिलिटर आणि अँकिलोस्टोमा ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त पितो, ऐकायला थोडं वाटतं पण असे शंभर-दोनशे असतील आणि बाई आधीच अ‍ॅनिमिक असेल, गरोदर असेल, तर विचार करा. शेतात राबणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नसेल तर हे तपासायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आयजीई आणि अ‍ॅलर्जीचा जंतांशी काय संबंध?

फार जवळचा. धुळीने शिंका येतात, अंगावर पित्त उठतं, हे सगळं जे घडवतं ती आयजीई अँटिबॉडी, जपानी दांपत्य किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी अमेरिकेत १९६६ मध्ये शोधलेली. ही मास्ट पेशींवर बसून राहते, ओळखीचा पदार्थ दिसला की मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, मग पाणी पाझरणं, स्नायू आवळणं, खाज, स्राव. आता वरचं आतड्याचं वर्णन परत वाचा, तेच आहे सगळं. नाकात झालं की सर्दी, फुफ्फुसात झालं की दमा, आतड्यात झालं की जंत बाहेर. म्हणून बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की ही यंत्रणा उत्क्रांतीत मुख्यतः जंतांसारख्या परजीवींसाठी तयार झाली आणि अ‍ॅलर्जी म्हणजे तिचंच चुकीच्या जागी चालू होणं.

यातून एक प्रॅक्टिकल अडचण होते. अ‍ॅस्केरिसच्या अंगातलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन धुळीतल्या माइट्सच्या, म्हणजे अगदी बारीक किड्यांच्या, आणि झुरळाच्या प्रोटीनसारखंच असतं, त्यामुळे जंत होऊन गेलेल्या माणसाची अ‍ॅलर्जी टेस्ट या गोष्टींना पॉझिटिव्ह येऊ शकते, त्रास काही नसताना. टोटल आयजीईसुद्धा जंतांमुळे खूप वाढलेली असू शकते. नुसत्या आकड्यावरून आयुष्यभराची पथ्यं लावून घेऊ नका.

एवढी सगळी तयारी असताना जंत वर्ष-दोन वर्ष आत राहतोच कसा?

कारण समोरचाही काही कमी नाही. जंत सतत वेगवेगळी प्रोटीन बाहेर सोडत असतो आणि त्यातली बरीच आपल्या इम्यून सिस्टिमला थंड करणारी असतात. उंदरांमधल्या एका जंताचं उदाहरण देते, त्याचं एक प्रोटीन वर सांगितलेल्या आयएल-३३ ला बांधून ठेवतं, म्हणजे धोक्याची सूचनाच पुढे जात नाही. त्याच जंताचं दुसरं प्रोटीन, २०१७ मध्ये सापडलं, ते आपल्या टीजीएफ-बीटाची नक्कल करतं. टीजीएफ-बीटा म्हणजे शरीराचा स्वतःचा "आता पुरे, शांत व्हा" असा निरोप. रचनेत हे प्रोटीन टीजीएफ-बीटासारखं अजिबात नाही तरी काम तेच करतं, जंताने ते स्वतंत्रपणे घडवलंय, आणि हे वाचलं तेव्हा मी खरंच थक्क झाले होते.

याचा परिणाम म्हणजे रेग्युलेटरी म्हणजे इम्यून सिस्टिमला आवरणाऱ्या टी पेशी वाढतात, आयएल-१० हे तसंच शांत करणारं रसायन वाढतं, आणि आयजीईसोबत आयजीजी-४ नावाची अँटिबॉडी भरपूर बनते जी जंताचे तुकडे आधीच पकडून ठेवते आणि आयजीईला फार काही करू देत नाही. यात शरीराचाही फायदा आहे हे लक्षात घ्या. वर्षभर आतड्यात पूर्ण जोराने लढाई चालू ठेवली तर जंतापेक्षा आतड्याचंच नुकसान जास्त होईल. म्हणून जंत असलेल्या बहुतेक माणसांना फार लक्षणं नसतात, आणि म्हणूनच "माझ्या मुलाला काही त्रास नाही म्हणजे जंत नाहीत" हे चुकतं.

गोवर एकदा झाला की परत होत नाही, मग जंत परत परत का होतात?

जंतांविरुद्धची इम्युनिटी तयार होते पण अर्धवट आणि खूप हळू. गावपातळीवर तपासलं की अ‍ॅस्केरिस आणि व्हिपवर्म सगळ्यात जास्त शाळेच्या वयात सापडतात आणि मोठेपणी कमी होतात. यात थोडा वाटा सवयींचा, मातीत खेळणं कमी होतं, आणि थोडा इम्युनिटीचा. कॅमेरूनमध्ये केलेल्या अभ्यासात ज्यांच्या रक्तातल्या पेशी टाइप २ ची रसायनं जास्त बनवत होत्या त्यांच्यात जंत कमी होते. हुकवर्ममध्ये मात्र वयाने फारसा फरक पडत नाही, मोठ्या माणसांतही तो भरपूर असतो.

मँचेस्टरच्याच लोकांचा उंदरांवरचा एक प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. उंदरांना व्हिपवर्मची भरपूर अंडी एकदम दिली तर टाइप २ रिस्पॉन्स येतो आणि सगळे जंत बाहेर. पण अगदी थोडी अंडी दिली तर शरीर चुकीच्या, टाइप १ च्या म्हणजे बॅक्टेरिया-व्हायरससाठीच्या रस्त्याला लागतं, आणि ते थोडेसे जंत कायमचे मुक्काम ठोकतात. आता खऱ्या आयुष्यात मुलाच्या पोटात अंडी कशी जातात, न धुतलेल्या गाजरातून आज दोन, मातीच्या हाताने परवा एक. म्हणजे नेमकी तीच थोडी-थोडी पद्धत.

एकाच घरात एकाच पोराला सारखे जंत, बाकीच्यांना नाही, असं का?

हा प्रश्न आया खूप वैतागून विचारतात आणि पोरालाच बोल लावतात, ते कृपया थांबवा. कुठल्याही गावात जंत सगळ्यांमध्ये सारखे वाटलेले नसतात, बहुतेक जंत थोड्याच लोकांच्या पोटात असतात. तमिळनाडूत पुलिकत सरोवराच्या परिसरात ऐंशीच्या दशकात कोळी वस्त्यांमध्ये लोकांना औषध देऊन जंत काढले आणि काही काळाने परत तपासलं, तर आधी ज्यांना जास्त होते त्यांनाच परत जास्त होण्याकडे कल दिसला. नेपाळमधल्या जिरी भागात जिरेल समाजाच्या कुटुंबांचा अभ्यास झाला, त्यात अ‍ॅस्केरिस किती होतात यातल्या फरकाचा बराच मोठा भाग, साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, आनुवंशिक निघाला. स्वच्छता तर आहेच, पण काही मुलांचं शरीरच जंत बाहेर काढण्यात कमी पडतं.

खाणं पिणं पण बघा. प्रोटीन कमी दिलेल्या उंदरांना जंत बाहेर काढायला जास्त वेळ लागतो. म्हणजे कुपोषणाने जंत टिकतात आणि जंतांनी कुपोषण वाढतं, हे चक्र मुलाच्या हातात नसतं.

जंत असताना दिलेल्या लसी नीट लागू पडतात का?

लस द्यायचीच, जंत आहेत म्हणून कुठलीही लस पुढे ढकलू नका. पण परिणाम होतो हे खरं. इक्वेडोरमध्ये मुलांना तोंडावाटे द्यायच्या कॉलराच्या लसीआधी जंताची गोळी म्हणजे अ‍ॅल्बेंडाझोल दिलं तर लसीला रिस्पॉन्स जास्त चांगला आला. इथियोपियात बीसीजी या टीबीच्या लसीच्या बाबतीतही जंत काढल्यावर पेशींचा प्रतिसाद सुधारलेला दिसला. वर लिहिलंय त्याचाच हा परिणाम, जंत शरीराला शांत करतो तेव्हा ती शांतता फक्त त्याच्यापुरती राहत नाही.

मग जंतांमुळे अ‍ॅलर्जी कमी होते म्हणतात, ते असलेले बरे का?

हे हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, म्हणून स्पष्ट लिहिते. मूळ कल्पना अशी की फार स्वच्छ वातावरणात वाढलेल्या मुलांना अ‍ॅलर्जी जास्त होते, स्ट्रॅकन यांनी १९८९ मध्ये मांडली, आणि त्यात पुढे जंतांचाही विचार आला. गॅबॉनमध्ये शाळेतल्या मुलांना वारंवार जंताचं औषध दिल्यावर धुळीच्या माइट्सना त्वचेची रिअ‍ॅक्शन वाढली. पण इक्वेडोरमध्ये तसं आढळलं नाही, आणि व्हिएतनाममध्ये त्वचेची टेस्ट बदलली तरी दमा वाढला नाही. बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर हुकवर्म असलेल्यांत दमा कमी आणि अ‍ॅस्केरिस असलेल्यांत उलट जास्त असं निघालं. म्हणजे सरसकट काही बोलता येत नाही.

डुकराच्या व्हिपवर्मची अंडी पाजून आतड्याचे आजार बरे करायचा प्रयत्न अमेरिकेत झाला, २००५ चे सुरुवातीचे निकाल आशादायक होते, नंतर मोठ्या ट्रायल्समध्ये फायदा दिसला नाही. संशोधक आता जंत सोडून त्याची प्रोटीन घेऊन औषध बनवायच्या मागे आहेत, आणि ती दिशा मला पटते. पण डॉक्टरांच्या देखरेखीत मोजून दिलेल्या दहा अळ्या वेगळ्या आणि कुपोषित मुलाच्या पोटातले पन्नास जंत वेगळे. त्या मुलाची वाढ खुंटते, रक्त कमी होतं, कधी जंतांचा गोळा होऊन आतडं बंद पडतं आणि ऑपरेशन करावं लागतं. असले मेसेज पुढे पाठवू नका.

स्टेरॉइड घेणाऱ्यांनी काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न कुणी विचारत नाही पण विचारायला हवा म्हणून मीच घातलाय. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक जंत आहे, तोही अनवाणी पायातून येतो, पण याची खासियत ही की याच्या अळ्या बाहेर न जाताच आतड्यातून परत शरीरात शिरतात, त्यामुळे तो दशकानुदशकं राहू शकतो. दुसऱ्या महायुद्धात थायलंड-बर्मा रेल्वेवर राबलेल्या कैद्यांमध्ये तीस-तीस वर्षांनी सापडलाय. एवढी वर्षं टाइप २ इम्युनिटी त्याला आवरून धरते. मग कधीतरी दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, ट्रान्सप्लांटनंतर जास्त डोसचं स्टेरॉइड सुरू होतं, ती पकड सुटते, अळ्या बेसुमार वाढून सगळ्या शरीरात पसरतात आणि आतड्यातले बॅक्टेरियाही सोबत नेतात. यात माणूस दगावू शकतो. आणि या वेळी इओसिनोफिल बरेचदा वाढलेले नसतातच, कारण स्टेरॉइडने तेही दबतात. कोविडमध्ये स्टेरॉइड खूप वापरली गेली तेव्हा डॉक्टरांमध्ये यावर बरीच चर्चा झाली होती. शेतात-मातीत काम करत असाल किंवा आधी केलेलं असेल तर स्टेरॉइड सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. याला शाळेतली ती एक गोळी पुरत नाही, आयव्हरमेक्टिन हे वेगळं औषध लागतं.

दर सहा महिन्यांनी गोळी घेतल्याने मुलाची स्वतःची इम्युनिटी कमी होईल का?

गोळी इम्युनिटीला हातच लावत नाही. अ‍ॅल्बेंडाझोल जंताच्या पेशींतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, त्याला साखर शोषून घेता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी, २ वर्षांवरच्यांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण आणि १ ते २ वर्षांच्यांना अर्धी, कुस्करून. गोळी चावून खायला सांगा, त्या दिवशी ताप किंवा आजारी असेल तर देऊ नका, नंतर मॉप-अपच्या, म्हणजे राहिलेल्या मुलांसाठीच्या, दिवशी मिळते.

एक मात्र खरं, गोळीने जंत जातात पण पुढच्यांना अडवत नाही. आधीच सांगितलं तसं शरीराची आठवण कच्ची, आणि माती तीच असेल तर वर्षभरात अ‍ॅस्केरिस जवळपास पूर्वीइतकेच परत होतात. म्हणून संडास, चपला, हात धुणं, भाजी धुणं ह्या गोष्टी गोळीइतक्याच महत्त्वाच्या. व्हिपवर्मवर एक डोस तसाही कमी चालतो.

लस का नाही मग?

प्रयत्न चालू आहेत. हुकवर्मच्या एका लसीची ब्राझीलमध्ये चाचणी घेतली तेव्हा काही जणांच्या अंगभर पित्त उठलं, कारण त्यांना आधी हुकवर्म होऊन गेला होता आणि त्या प्रोटीनविरुद्ध आयजीई रक्तात तयारच होती. ती लस थांबवावी लागली. नंतरच्या लसींमध्ये जंताच्या आतड्यातली, म्हणजे आपल्या इम्यून सिस्टिमला एरवी फारशी न दिसणारी प्रोटीन घेतली जातात, जंत रक्त पितो तेव्हा अँटिबॉडी त्याच्याच पोटात जाऊन काम करते. मेंढ्यांच्या रक्त पिणाऱ्या जंतावर याच तत्त्वाची लस २०१४ पासून ऑस्ट्रेलियात वापरतात. माणसांसाठीच्या अजून चाचणीत आहेत.

गोड खाल्ल्याने जंत होतात का? किरमाणी ओवा चालतो का?

गोड खाल्ल्याने होत नाहीत, अंडी किंवा अळ्या शरीरात गेल्याशिवाय जंत होऊच शकत नाही. रात्री दात खाणं हेही जंतांचं पक्कं लक्षण नाही. किरमाणी ओव्यात सँटोनिन असतं आणि ते अ‍ॅस्केरिसवर खरंच चालायचं, एकेकाळी डॉक्टरसुद्धा सँटोनिन देत, पण डोस जरा जास्त झाला तर ते विषारी ठरतं आणि त्याहून सुरक्षित औषध फुकट मिळत असताना लहान मुलावर हा प्रयोग नको.

गोळी दिली पण शी-मध्ये जंत दिसलेच नाहीत, मग गोळी लागू पडली नाही का?

असं नाही. हुकवर्म आणि व्हिपवर्म इतके बारीक की डोळ्याला सहज दिसत नाहीत, आणि मेलेला जंत बरेचदा आतड्यातच विरघळतो. अ‍ॅस्केरिस असेल तर दोन-चार दिवसांत दिसू शकतो, एखाद-दुसऱ्या मुलाच्या पोटात थोडं दुखतं, मळमळतं, ते बहुतेक वेळा ज्यांच्या पोटात जंत जास्त असतात त्यांनाच होतं आणि थोड्या वेळात थांबतं. पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबत नाहीत, शी आणि गॅस दोन्ही बंद झालं तर मात्र वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा. बाकी शंका असेल तर दोन-तीन आठवड्यांनी शी तपासून घ्या, त्याआधी तपासून फार काही कळत नाही.